मारवाडच्या वाटेची आखणी

प्रवास करून आलेला माणूस प्रवासावर बोलतो, अशी रीत आहे. मी मात्र आज अजून न केलेल्या प्रवासावर बोलणार आहे. येत्या माघात, म्हणजे फेब्रुवारी महिन्यात, मी आणि माझे एक शिक्षक मित्र मोटारसायकलींवरून राजस्थानच्या वाळवंटात आणि तिथून अबूच्या पहाडावर जाणार आहोत. गाड्या अजून दारातच उभ्या आहेत. झाली आहे ती फक्त आखणी. आणि ती तीन वेळा फाडून चौथ्यांदा केलेली.

मी धुळे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मित्र शेजारच्या खेड्यातल्या शाळेत आहेत. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. माझी गाडी जुनी, साडेतीनशेची, धडधडणारी. त्यांची सव्वाशेची, हलकी आणि कामसू.

२०२२ च्या जानेवारीत आम्ही दोघे असेच कच्छला गेलो होतो. त्या वेळची आखणीही माझीच होती. कागदावर ती फार सुरेख दिसत असे : रोज चारशे किलोमीटर, ठरलेले मुक्काम, ठरलेली जेवणे. परतीच्या वाटेवर एक दिवस पंक्चर काढण्यात दुपारचे दोन तास गेले. दिवस मावळला तेव्हा मुक्काम सत्तर किलोमीटर दूर होता. गुरुजी म्हणाले, "सर, इथंच कुठंतरी टेकू या." मी म्हणालो, "दीड तासाचा तर प्रश्न आहे." अर्ध्या तासाने समोरून आलेल्या ट्रकच्या झोताने डोळे दिपले, आणि रस्त्यात उभी असलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली आम्हांला दिसलीच नाही. गुरुजी पुढे होते. उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडली. पायात सळई घालावी लागली. ते आजही किंचित लंगडतात. वर्गात फळ्याकडे जाताना खुर्चीच्या पाठीला हात टेकतात. या गोष्टीवरून त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

यंदा दिवाळीनंतर तेच म्हणाले, "सर, वाळवंट राहिलंय की आपलं!" मी नकाशा घेऊन त्यांच्या घरी गेलो. जमिनीवर नकाशा पसरून मी अंतरे सांगू लागलो, तोच वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. क्षणभर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भाऊजी, किती किलोमीटर ते मला नका सांगू. रोज किती वाजता गाडी लावणार, तेवढं सांगा."

माझ्यापाशी उत्तर नव्हते. चहा घेऊन मी घरी आलो आणि पहिला कागद फाडला.

आता आखणी घड्याळापासून सुरू झाली. इथे माझा विषय कामाला आला, बरे का. आपल्या देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची. जैसलमेर आहे ७१ अंशांच्या जवळपास. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर जैसलमेरचा सूर्य घड्याळाच्या सुमारे ४६ मिनिटे मागे चालतो. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला तिथे सूर्य सव्वासातच्याही पुढे उगवतो आणि साडेसहाच्या सुमारास मावळतो. नागपूरकर श्रोत्यांच्या अंगणात ऊन आले, तरी जैसलमेरात अजून चाळीसेक मिनिटे अंधारच. शिक्षकबंधूंनी हे गणित मुलांकडून जरूर करून घ्यावे. "रेखावृत्त म्हणजे काय" याची व्याख्या पाठ होते आणि विसरते, पण "गाडी किती वाजता सुरू करायची" हे मूल विसरत नाही.

सूर्य उगवला म्हणजे निघायचे, असेही नाही. वाळवंटाची हवा कोरडी, आकाशात ढग नाही. दिवसा तापलेली वाळू रात्री भराभर उष्णता सोडून देते आणि ती अडवायला वर काही नसते. जैसलमेरात या दिवसांत दुपारी २६–२७ अंश तापमान असते, पहाटे ते दहा–अकराच्या आसपास उतरते. दहा अंश म्हणजे काही मोठी थंडी नव्हे, असे आपल्याला घरात बसून वाटेल. ताशी पन्नासच्या वेगाने अंगावर येणारा वारा धरला, की त्याच थंडीने बोटे बधिर होतात, आणि बधिर बोटांना क्लच आणि ब्रेक नीट दाबता येत नाहीत. म्हणून सकाळी नऊच्या आधी गाडीला हात लावायचा नाही. उन्हे रस्त्यावर नीट पसरू द्यायची.

आता दुसरे टोक. तिन्हीसांजेला उंट, शेळ्यांचे कळप, नीलगाई रस्ता ओलांडतात. शिवाय जैसलमेरकडे तोंड करून जाणाऱ्याच्या डोळ्यांत सरळ मावळतीचे ऊन येते. म्हणून चार वाजता गाडी लावायची. नऊ ते चार म्हणजे सात तास. त्यात जेवण, चहा, पाय मोकळे करणे, आणि दर तासाला दहा मिनिटे गुरुजींचा पाय लांब करून बसणे, हे सगळे मिळून दोन तास गेले. उरले पाच. सरासरी वेग ताशी पस्तीस. फोनवरचा नकाशा याहून फार कमी वेळ दाखवतो, पण त्याला ना चहा लागतो ना पंक्चर ठाऊक. पाच गुणिले पस्तीस, पावणेदोनशे. त्यातले थोडे अडीअडचणीला ठेवले, तर रोजचा पल्ला दीडशे–एकशेसाठ किलोमीटरांचा. कुठे ते चारशे!

एवढ्या पल्ल्यात धुळ्याहून निघून राजस्थान बघून परत यायचे, तर रजा संपली तरी आम्ही गुजरातेतच असू. दुसरा कागद इथे फाटला. गुरुजींनीच सुचवले की गाड्या सुरतेहून रेल्वेच्या पार्सलने जोधपूरला पाठवाव्यात. मला हे पहिल्यांदा मुळीच रुचले नाही. घरच्या उंबऱ्यावरून निघावे आणि गाडीनेच उंबऱ्याशी परतावे, यात एक ऐट असते. दोन दिवस मी त्या ऐटीपायी कुढलो. मग ध्यानात आले, की याच ऐटीने मागच्या वेळी दीड तासाचा हट्ट धरला होता. तेव्हा पार्सल ठरले. टाकीतले पेट्रोल पूर्ण काढावे लागते, गाडीला गोणपाट बांधावे लागते, नोंदणीची प्रत जोडावी लागते. आणि गाडी आपल्याच गाडीबरोबर पोचेल, असा भरवसा नसतो, म्हणून जोधपूरला एक दिवस मोकळा ठेवला आहे.

जोधपूरहून पहिला टप्पा फलोदीचा, एकशेचाळीस किलोमीटरांच्या आसपास. हे फलोदी म्हणजे जिथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली, ते गाव. उन्हाळ्यात तिथे दुचाकीवर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. पण थंडीत फलोदीजवळच्या खीचन गावी हजारो कुरजा पक्षी उतरलेले असतात. कुरजा म्हणजे आपला करकोचा. मध्य आशियातून, मंगोलियाकडून ते येतात, आणि गावकरी त्यांना रोज दाणा घालतात. मार्चमध्ये ते परततात. सकाळी नऊच्या आधी निघायचे नाही, या नेमाचा इथे फायदाच होतो. पक्षी दाणे टिपायला सकाळीच येतात.

निघायची वेळही अशीच ठरली. माघी पौर्णिमेच्या सुमाराला जैसलमेरात मरु महोत्सव भरतो. त्या दिवसांत खोली मिळणे कठीण आणि मिळाली तर महाग. आणि शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हा पौर्णिमा उलटल्यावर आणि शिवरात्रीच्या आत, असा पंधरवडा आम्ही धरला आहे.

फलोदीहून पोखरणवरून जैसलमेर. ११५६ साली रावळ जैसलने वसवलेले, पिवळ्या दगडाचे नगर. तिथे दोन दिवस. आणि याच ठिकाणी आमच्या नेमाची खरी परीक्षा आहे. जैसलमेरला गेलेला प्रत्येक जण सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवरून सूर्यास्त बघतो. सम चाळीस किलोमीटर. सूर्यास्त बघितला म्हणजे परत येताना अंधार ठरलेलाच, आणि रस्त्यावर उंटगाड्या. माझ्या मनात आले होते, "चाळीसच तर किलोमीटर!" हे "च तर" मला आता चांगले ओळखू येते. समला आम्ही भाड्याच्या जीपने जाणार. पलीकडे तनोटला, सीमेच्या बाजूला, सव्वाशे किलोमीटरांवर जायचा माझा फार मनोदय होता. तो खोडला.

वाळवंटात गाडी कशी चालवावी, याबद्दल थोडे सांगतो. मागच्या वेळी रणाच्या कडेला जे भोगले, त्यातून हे आले आहे. वाऱ्याने रस्त्यावर वाळूचा पातळ थर येतो. तो दिसला की आधीच वेग कमी करावा, आणि प्रत्यक्ष वाळूवर ब्रेक दाबू नये, हँडल वळवू नये. ओल्या शेणावरून सायकल नेतो तशी गाडी सरळ जाऊ द्यावी. रेताड जागी गाडी उभी करताना स्टँडखाली लाकडाची फळी ठेवावी, नाहीतर स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते. चेनला फार तेल पाजू नये. तेलाला वाळू चिकटते आणि चेन कानसेसारखी घासली जाते. विलायती बाभळीचे काटे तिकडे जागोजाग. पंक्चरचे सामान, हवेचा पंप, जास्तीची ट्यूब आणि क्लचची तार सोबत हवी. पाण्याचे तर विसरूच नये. थंडीत तहान लागत नाही आणि कोरड्या हवेत अंगातले पाणी नकळत जाते. ओठांना भिरंडेल, छातीवर स्वेटरच्या आत घडी केलेले वर्तमानपत्र. वाऱ्याला वर्तमानपत्राइतका स्वस्त अडसर दुसरा नाही.

जैसलमेरहून बाडमेर, तिथून जालोर, आणि मग अबू. माझी टाकी तेरा लिटरांची. चारशे किलोमीटर जायला हरकत नाही, तरी दर मोठ्या गावात ती भरायची असे ठरले आहे.

अबू म्हणजे वाळवंटाच्या दाराशी उभा राहिलेला पहाड. अरवलीची रांग ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाते. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे जवळजवळ तिला समांतरच वाहतात, अडत नाहीत; आपल्या सह्याद्रीसारखी ती त्यांना आडवी असती, तर मारवाडचे रूप वेगळे झाले असते. अबूचे गाव बाराशे मीटरांच्या आसपास आणि गुरुशिखर १७२२ मीटर. हजार मीटरांना साडेसहा अंश या हिशेबाने, पायथ्याहून वर गावात सहाएक अंश जास्त गारठा. वर जायचा सारा घाट सव्वीस–अठ्ठावीस किलोमीटरांचा.

चढण्याची मला चिंता नाही. उतरण्याची आहे. घाट उतरताना मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागतो, आणि तोच गुरुजींचा मोडका पाय. खालच्या गियरमध्ये इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवली तर ब्रेकचे काम पुष्कळ कमी होते, हे खरे. पण अठ्ठावीस किलोमीटर म्हणजे अठ्ठावीस किलोमीटर. मी भीत भीत म्हटले, "गुरुजी, गाड्या खाली अबूरोडला ठेवू आणि बसने वर जाऊ." ते हसले नाहीत. म्हणाले, "तोरणमाळचा घाट उतरून बघू. दुखलं तर बस." डिसेंबरच्या एका रविवारी आम्ही तोरणमाळला जाऊन आलो. उतरून खाली आल्यावर ते बराच वेळ पाय चोळीत बसले. मी काही विचारले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बस." तिसरा कागद असा फाटला. त्याबरोबर रणकपूर आणि कुंभलगडही गेले, कारण तिकडे घाटच घाट.

आता चौथ्या कागदावर एकच वाद शिल्लक आहे. जोधपूरहून पालीच्या रस्त्याला पन्नास किलोमीटरांवर ओम बन्नाचे ठाणे आहे. १९८८ साली त्या जागी मोटारसायकलच्या अपघातात एक तरुण गेला. पोलिसांनी नेलेली त्याची बुलेट रात्री आपोआप जागेवर परत येई, अशी आख्यायिका आहे. ती बुलेट आज तिथे काचेआड उभी आहे आणि येणारेजाणारे वाहनवाले तिला हात जोडतात. आख्यायिकेवर माझा विश्वास नाही, आणि जैसलमेरच्या उलट दिशेला हा फेरा. मी तो दोनदा खोडला. गुरुजींनी दोनदा पेन्सिलीने परत लिहिला. ते म्हणतात, जोधपूरचा तो मोकळा दिवस आहे ना, गाड्या वेळेवर आल्या तर जाऊ, सकाळी नऊला निघून दुपारी दोनपर्यंत परत. हिशेबाने बसते खरे.

कागदाची एक प्रत वहिनींकडे दिली आहे. तीत गावांच्या नावांपुढे अंतरे नाहीत, रोजची गाडी लावायची वेळ आहे, आणि त्या वेळेला फोन करायचा आहे. येत्या रविवारी गुरुजींच्या गाडीची चेन आणि मागचे टायर बदलायचे, मग पार्सल कचेरीत चौकशी.