कागद, कात्री आणि ‘ळ’

(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाने भरविलेल्या शुभेच्छापत्र-कार्यशाळेच्या आरंभी केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात हाताने केलेल्या शुभेच्छापत्रांचा विषय घालावा असे समितीने ठरविले, तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “हा मुलांचा खेळ, त्याला भाषण कशाला?” प्रश्न रास्त होता. आमचा स्वतःचा कागदाशी संबंध तीस वर्षांचा आहे. परंतु तो केंद्र सरकारच्या कचेरीतला. टाचणीने टोचावयाचा, दोऱ्याने बांधावयाचा आणि कपाटात निजवून ठेवावयाचा कागद. कागदाला अंग असते, स्वभाव असतो, तो ओलाव्याने फुगतो आणि रुसल्यासारखा वाकतो, हे कचेरीने आम्हांस शिकविले नाही. ते शिकविले आमच्या मुलीच्या एका फसलेल्या शुभेच्छापत्राने. त्याची हकीकत पुढे सांगू. आधी कागदाचा स्वभाव.

कारखान्यात कागद होतो तो असा. पाण्यात कालवलेला लगदा धावत्या जाळीवर सोडतात. पाणी गळून जाते आणि तंतू मागे राहतात. शिवनाथ नदीच्या पुरात वाहणारे ओंडके जसे प्रवाहाच्या दिशेने वळतात, तसे हे तंतू यंत्राच्या धावेप्रमाणे बहुतांशी एकाच दिशेला लागतात. छापखान्यातली मंडळी या दिशेला ‘ग्रेन’ म्हणतात. आपण रोख म्हणू. जाड कागद रोखाला धरून मोडला तर घडी सरळ, गुळगुळीत येते. रोखाच्या आडवा मोडला तर घडीवर भेगा पडतात, रंग उडतो, आणि मग “कागदच वाईट होता” असे आपण म्हणतो. कागद वाईट नसतो. आपण त्यास विचारलेले नसते.

विचारावे कसे? एक लहानसा तुकडा पाण्यावर अलगद ठेवावा. क्षणार्धात तो गुंडाळू लागतो. त्या नळीचा लांबपणा ज्या दिशेला, तो रोख. पत्राची मधली घडी नेहमी त्या दिशेला यावी. घडी घालण्यापूर्वी पट्टी धरून, शाई संपलेल्या बॉलपेनने तेथे रेघ दाबून घ्यावी. संपलेले बॉलपेन घरोघर असतात आणि कोणी टाकून देत नाही. त्यांचा हा एक सदुपयोग.

दुसरी गोष्ट चिकटविण्याची. दुकानातला पांढरा गोंद सोयीचा खरा, पण पातळ पतंगी कागदावर तो डाग पाडतो. पतंगी कागदासाठी आपली जुनी मैद्याची खळच बरी. मैदा आधी थंड पाण्यात गुठळी न राहील असा कालवावा, मग मंद आचेवर ढवळत शिजवावा. पांढरेपणा जाऊन किंचित पारदर्शकपणा आला की उतरवावा. जुने बुकबाइंडर तीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालीत. ते विष आहे. मुलांच्या खळीत ते घालू नये, त्यापेक्षा खळ रोज ताजी करावी. खळ नेहमी लहान तुकड्याला लावावी, मोठ्या पानाला नव्हे. मधून कडेकडे पसरावी. आणि वाळेपर्यंत पत्र वजनाखाली ठेवावे. भिलाईत राहून वजनाला काही मिळाले नाही, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही.

उघडताच आतून काही उभे राहील अशी पत्रे मुलांना फार आवडतात. त्यांचे मर्म दोन चिरांत आहे. पान दुमडून घडीच्या कडेपासून आत दोन समांतर चिरा द्याव्यात आणि मधली पट्टी आतल्या बाजूस ढकलावी. एक पायरी तयार होते. तिच्यावर कंदील, पणती, काय हवे ते चिकटवावे. मात्र चिरेची लांबी पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी हवी. अधिक झाली तर पत्र मिटल्यावर पायरीचे नाक बाहेर डोकावते.

हे सारे यंत्राच्या कागदाविषयी झाले. हातकागदाची गोष्ट निराळी. तो करणारा कारागीर सुती चिंध्यांच्या लगद्यातून साचा वर उचलतो आणि उभा-आडवा हालवितो. तंतू एकमेकांत गुंततात आणि रोख जवळजवळ राहत नाही. या विद्येची महाराष्ट्रात जुनी ठाणी आहेत. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा संबंध परंपरा थेट तुघलकाच्या काळाशी जोडते. जुन्नरचा कागद पेशवाईत नावाजलेला होता. गिरणीच्या कागदाने हा धंदा बुडत आला, तेव्हा 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, कुमारप्पांच्या देखरेखीखाली, वर्ध्याच्या मगनवाडीत तो पुन्हा हाती घेतला. पुढे 1940 मध्ये पुण्यास के. बी. जोशी यांनी हातकागदाची संस्था उभी केली. आपल्या संविधानाची जी हस्तलिखित हिंदी प्रत आहे, तिचे लेखन वसंत कृष्ण वैद्य यांनी केले आणि तिला कागद पुरविला तो पुण्याच्या या केंद्राने. आम्ही सरकारी माणूस. ज्या ग्रंथाच्या आधाराने आमचा पगार निघतो त्याचे एक रूप हाताने केलेल्या कागदावर, हाताने लिहिलेले आहे, याचा आम्हांस थोडासा अभिमान वाटतो.

पत्ता म्हणजे ‘कार्ड’ या अर्थानेही आपल्याकडे मोठी कारागिरी होऊन गेली. सावंतवाडीचा गंजिफा आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. दशावतारी गंजिफ्यात एकशेवीस गोल पाने. दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तेथील चितारी ही पाने बाजारातून आणीत नसत. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवून, घोटून, रंगवून, लाखेने चकाकी आणून ती घडवीत. हा धंदा अगदी विझत आला असताना 1970च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून त्यात पुन्हा प्राण फुंकला.

येथे कारखान्यातले बरेच अभियंते बसले आहेत. त्यांना हे ‘बायकामुलांचे काम’ वाटत असेल तर दोन नावे सांगतो. मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांनी 1893 साली केवळ कागदाच्या घड्या घालून भूमिती सिद्ध करणारे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि बालवाडीतल्या रंगीत चौकोनी कागदांवरून ते सुचले असे मोकळेपणाने सांगितले. हे गृहस्थ सरकारी नोकर होते, हे जाता जाता. दुसरे जपानचे अकिरा योशिझावा. ओरिगामीला कलेचे स्थान त्यांनी मिळवून दिले. पण तरुणपणी ते टोकियोतील एका कारखान्यात आरेखक होते आणि नवशिक्या कामगारांना भूमिती शिकविण्यासाठी कागदाच्या घड्या वापरीत.

आणि नाताळचे छापील शुभेच्छापत्र कसे जन्मले? 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या एका उद्योगी सरकारी अधिकाऱ्यास नाताळात आलेल्या पत्रांची उत्तरे लिहावयास सवड होईना, म्हणून त्याने एका चित्रकाराकडून पत्र काढवून छापून घेतले. म्हणजे नाताळची छापील शुभेच्छा जन्मली ती सवडीच्या अभावातून. आज सकाळी व्हॉट्सॲपवर सव्वीस जणांनी आम्हांस एकच फुलदाणी पाठविली. हेन्री कोलचा वंश चांगला वाढला आहे असे आम्ही मनाशी म्हटले. असो.

आता ती हकीकत.

आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी बोलणाऱ्या, आणि मराठी घरात आईबापांच्या प्रश्नांना उत्तर देण्यापुरती. भिलाईतल्या आपल्या बहुतेक घरांतील हेच चित्र आहे. त्या दिवाळीत तिने चार दिवस खपून नागपूरच्या आजीसाठी पत्र केले. उघडताच आकाशकंदील उभा राहत होता; त्याला करंज्या होत्या, झिरमिळ्या होत्या. घडी मात्र आडव्या रोखाने घातलेली असल्याने चिरली होती आणि मिटल्यावर कंदिलाचे टोक बाहेर येत होते. आत लिहिले होते, ‘प्रिय आजीला दिवालीची खूप शुभकामना.’

आमच्या आईने प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकविले होते. आठ दिवसांनी ते पत्र परत आले. ‘दिवाली’तील ल वर तांबड्या पेन्सिलीने काट मारून वर मोठा ळ काढलेला. ‘शुभकामना’ खोडून ‘शुभेच्छा’. समासात ‘पुन्हा लिहावे’. आईचा हेतू वाईट नव्हता. वह्या तपासण्याची तिची सवय हातातून गेली नव्हती. चूक आमची. आम्ही हसलो, आणि जेवावयास आलेल्या पाहुण्यांसमोर ते पत्र नाचविले. मुलगी काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीस पत्र गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोनवर आई विचारी, “यंदा काही केलं नाही का गं तिनं?” आणि आम्ही अभ्यासाचे कारण सांगत असू.

तिसऱ्या वर्षी संक्रांतीला मुलीच्या नावे नागपूरहून पाकीट आले. आत जुनी लग्नपत्रिका उलटी करून बनविलेले पत्र. वर पिवळ्या घोटीव कागदाचा कापून चिकटविलेला एक ळ, जरा कललेला. आत आजीचे वळणदार अक्षर: ‘कंदील तुझ्याकडेच राहिला. मला तो हवा आहे. चुकीसकट पाठव.’

सुदैवाने आम्ही फायली करणारे. पत्र विजेच्या बिलांच्या फायलीत निघाले. टाचणीचा गंज त्यावर उमटला होता. मुलीने चिरलेल्या घडीमागे पातळ कागदाची पट्टी लावली, कंदिलाचे टोक कापले, आणि तांबडी पेन्सिल तशीच ठेवून पत्र पाठविले. सोबत नवे एक होते, त्यात ‘तिळगूळ’ हा शब्द तीनदा लिहिला होता. आई आज हयात नाही. ती दोन्ही पत्रे मुलीची संमती घेऊन समोरच्या फलकावर लावली आहेत. गंजाचा डाग पाहून घ्यावा.

बालमित्रांनो, हिंदीत ळ नाही. शाळेत तो तुम्हांस कोणी शिकविणार नाही. पण आपल्या दिवाळीत तो आहे, तिळगुळात दोनदा आहे, होळीत आहे, रांगोळीत आहे, आणि तुमच्यापैकी कित्येकांच्या आडनावातही आहे, ते तुम्ही वहीवर ल ने लिहिता. हे अक्षर कागद कापणाऱ्यासाठी फार सोयीचे आहे. मधली उभी दांडी, वर शिरोरेघ, खाली दोन्ही अंगांस एकेक पाकळी. दोन बाजू जवळजवळ सारख्या. म्हणून कागद मधोमध दुमडावा. घडीच्या कडेला लागून अर्धी दांडी, वर अर्धी शिरोरेघ, खाली एकच पाकळी, एवढेच पेन्सिलीने काढावे. आधी पाकळीच्या पोटातले भोक कापावे, बाहेरची रेघ मागाहून. उलट केले तर कागद हातात धरवत नाही. घडी उघडली की अख्खा ळ. कात्री स्थिर ठेवावी आणि कागद फिरवावा.

पालकांस एकच विनंती. पत्राच्या आत मुलाने किमान दोन ओळी मराठीत, स्वतःच्या मनच्या लिहाव्यात असा कार्यशाळेचा नियम आहे. मूल विचारील तो शब्द अवश्य सांगावा. न विचारता त्याच्या पत्रावर पेन्सिल चालवू नये. तांबड्या पेन्सिली आम्ही आज टेबलावर ठेवलेल्याच नाहीत.

प्रत्येकाने ज्यांना पत्र धाडावयाचे त्यांचा पत्ता आणला असेलच. पाकिटे व तिकिटे मंडळातर्फे आहेत. सर्व पत्रे उद्या सकाळी टपालात पडतील. रोख पाहण्यासाठी पाण्याची परात डाव्या हाताला ठेवली आहे. खळ सकाळी शिजविलेली आहे, दुपारपर्यंत ती घट्ट होईल. तेव्हा आम्ही आपला अधिक वेळ घेत नाही.