फिल्मवर आयुष्य वाचता येतं का?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर ॲड्रिनल नावाची एक ग्रंथी असते. वजन जेमतेम 4-5 ग्रॅम. सीटी स्कॅनच्या फिल्मवर ती उलट्या वाय अक्षरासारखी दिसते. तिच्या बाहेरच्या थराचा कर्करोग फार विरळा, दहा लाखांत वर्षाला एखाद-दोन जणांना होणारा. 2011 च्या जनगणनेनुसार आपल्या बीड जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार. म्हणजे हिशेबाने वर्षाला दोन ते पाच रुग्ण. एवढ्याशा संख्येसाठी बोलायचं, कारण रुग्ण किती जगेल याचा अंदाज इथे बराचसा फिल्मवरूनच बांधला जातो, आणि माझ्या मते तो बांधलाच पाहिजे.

2009 साली युरोपातल्या तज्ज्ञांनी या रोगाचे चार टप्पे पक्के केले. गाठ 5 सेंटिमीटरपर्यंत असेल तर पहिला. त्याहून मोठी, पण ग्रंथीपुरतीच असेल तर दुसरा. भोवतालच्या चरबीत किंवा मोठ्या शिरेत घुसली की तिसरा. फुप्फुसात, यकृतात पोचली की चौथा. टप्पा चढेल तसं पुढचं आयुष्य कमी होत जातं. त्याच फिल्मवर कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायूही दिसतात. गाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक पाझरत असेल तर हे स्नायू झिजतात आणि पोटात चरबी साठते. हे स्नायू नि ही चरबी मोजून त्यांचा जगण्याशी संबंध दाखवणारे अभ्यास झाले आहेत. पेट स्कॅनमध्ये गाठ किती साखर ओढते तेही तिच्या चकाकीवरून कळतं, पण त्यावरून केलेल्या भाकितांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. गाठीच्या चकाकीपेक्षा शेजारच्या झिजलेल्या स्नायूवर मी जास्त भरवसा ठेवीन.

यावर पहिला आक्षेप असा, की माणसाला त्याची मुदत सांगणं क्रूरपणाचं आहे. पण भाकीत मुदत सांगतच नाही. अशा शंभर जणांचं साधारण काय झालं, एवढंच सांगतं. आणि न सांगण्याचीही किंमत असते. शस्त्रक्रियेनंतर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्कॅन करायचा असतो, आणि आपल्याकडचं ऊसतोडीचं कुटुंब दिवाळीच्या सुमारास निघतं ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परततं. पुढच्या हंगामाची उचल मुकादमाकडून घ्यावी की नाही, हे त्या घरानं कशाच्या आधारावर ठरवायचं? दुसरा आक्षेप: कळून उपयोग काय, उपचार तर तेच. तसं नाही. कमी धोक्याच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर मायटोटेन द्यावं का, याची चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाचा ठळक फायदा दिसला नाही. मळमळ, चक्कर आणणारं हे औषध ज्यांना टाळता येतं, ते ओळखायला फिल्मवरचा टप्पा लागतो. एकटी फिल्म मात्र पुरत नाही. काढलेल्या गाठीतल्या पेशी किती वेगानं वाढताहेत हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हे आकडे परक्या आणि थोड्या लोकांवरून काढलेले आहेत. खरंच आहे. मायटोटेनच्या त्या चाचणीला दहा वर्षांत 91 रुग्ण मिळाले. म्हणून तर इथलीही नोंद हवी. 2012 ते 2016 च्या राष्ट्रीय नोंदींत पुरुषांमधल्या कर्करोगाचं सर्वांत कमी प्रमाण उस्मानाबाद-बीडचं होतं, लाखात 39.5. यात आनंद मानावा, पण जपून. निदानापर्यंत न पोचलेला माणूस कुठल्याच वहीत येत नाही. आणि जो पोचतो, त्याच्या हाती बहुधा फिल्म उरते, स्कॅनची सीडी हरवते. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात, सीडीत पोटाचा प्रत्येक काप असतो. स्नायू नि चरबी मोजणाऱ्या संगणकाला ते काप लागतात. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याच्या कामाचा नाही. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मुंबईला टाटा रुग्णालयात निघताना पिशवीत शिधापत्रिका आणि आधार असतंच, त्याच कप्प्यात ती सीडीही असू द्यावी.