एका शिवारात तीन जमिनी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मावळातलं भाजे गाव लेण्यांसाठी प्रसिद्ध. आम्ही तिथली माती बघितली. वर विसापूरचा कडा, मध्ये उतार, खाली भातखाचरं, पुढे इंद्रायणी. खडक सगळीकडे एकच, काळा पत्थर. पण वर माती बोटभर. उतारावर मुरमाड, पाणी लगेच निथळून जातं. बारीक गाळ पावसानं खाली नेला. तिथं खोल, पाणी धरणारी माती झाली. म्हणून खाली भात, वर गवत.

आपल्याकडे डोंगर नसेल, पण माळाची बरड, मधली जमीन आणि नाल्याकाठची भारी काळी आहेच. पावसानं पंधरा दिवस दडी मारली की बरडीवरची कपाशी माना टाकते, काळीतली तग धरते. रब्बी ज्वारी तर खोल काळीच्या ओलीवरच पिकते.

२०१५ साली जमीन आरोग्य पत्रिका आली. कोरडवाहूत १० हेक्टरांच्या चौकोनाला एक नमुना, असा नियम ठरला. म्हणजे २५ एकरांना एकच माती! तपासण्या १२, सामू, नत्र, स्फुरद, पालाश सगळं आहे. माती किती खोल, पाणी किती धरते, हे मात्र नाही.

आमची मागणी सरळ आहे. नमुना मातीप्रमाणे घ्या, पत्रिकेत खोली आणि पोत लिहा.

तोवर थांबू नका. पेरणीआधी प्रत्येक तुकड्यात खड्डा खणा, मुरूम कितीवर लागतो बघा, मग पीक ठरवा. पेरणी उताराला आडवी करा. वाहून गेलेली माती परत वर चढत नाही.