फिरावयाच्या वाटा आणि विजेची दुचाकी

लखनौ शहराच्या दक्षिणेस, रायबरेलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेलीबाग नावाची वस्ती आहे. जवळच लष्करी छावणीचा परिसर, आणि त्याच रस्त्याने पुढे गेले म्हणजे संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय लागते. मालमोटारी, बसगाड्या आणि रुग्णवाहिका यांची येथे सतत वर्दळ असते. अशा वस्तीत ज्याला पहाटे चार पावले मोकळेपणी चालावयाचे आहे, तो वाहनांपासून दूर असलेली वाट शोधतो. ज्याच्यापाशी मंद गतीची विजेची स्कूटर आहे, तोही नेमकी तीच वाट शोधू लागतो. कारण मालमोटारीचे भय दोघांनाही सारखेच. गरज दोघांचीही खरी आहे. मग ती वाट कोणाची?

लखनौमध्ये अशा वाटा फार जुन्या नाहीत. 2012 ते 2017 या काळात तेथील अनेक रस्त्यांच्या कडेने सायकलमार्ग बांधण्यात आले. 2014 साली गोमतीनगर भागात सुमारे 376 एकरांचे जनेश्वर मिश्र उद्यान खुले झाले. त्यातही चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी वाटा आहेत. रस्त्याकडेचे सायकलमार्ग पुढे कित्येक ठिकाणी हातगाड्यांनी आणि उभ्या मोटारींनी व्यापले. मोकळी जागा निर्माण करणे सोपे, ती मोकळी राखणे अवघड, हाच धडा त्यातून मिळतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. मोटारवाहनाने पदपथावर किंवा सायकलमार्गावर जाऊ नये, असा आपल्याकडे नियम आहे. परंतु 1989 च्या केंद्रीय मोटारवाहन नियमांतील व्याख्येप्रमाणे, ज्या विजेच्या दुचाकीची शक्ती पाव किलोवॅटहून कमी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरहून कमी, ती मोटारवाहनच ठरत नाही. तिला नोंदणी लागत नाही, चालकाला परवाना लागत नाही. हेतू चांगला होता. स्वस्त आणि धूर न सोडणारे वाहन सामान्य माणसाच्या हाती यावे, हा. पण त्यामुळे मोटारींना घातलेली बंदी या दुचाकीला आपोआप लागू होत नाही. शिवाय यंत्रात फेरफार करून वेग वाढविण्याचे प्रकारही घडतात. 2022 साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याला अशा दुचाकींची तपासणी करण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

ताशी 25 किलोमीटर हा वेग महामार्गावर क्षुल्लक वाटतो; पायवाटेवर तो क्षुल्लक नसतो. या वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 7 मीटर अंतर कापते. चालणारा मनुष्य तेवढ्या वेळात दीड मीटरही जात नाही. वाहनाचा वेग पाचपट झाला की त्याच्या आघाताची ऊर्जा पंचवीसपट होते. त्यात स्कूटरचे वजन सायकलीच्या कितीतरी पट. आणि तिचा जो गुण म्हणून वाखाणला जातो, तो निःशब्दपणा, तोच येथे दोष ठरतो. मागून येणारी स्कूटर पाठमोऱ्या आजोबांना ऐकू येत नाही, आणि आजोबांचे बोट सोडून चेंडूमागे धावणाऱ्या नातवाला तर मुळीच नाही.

याचा अर्थ विजेचे चाक वाटेवर दिसताच ते हाकलून द्यावे, असा नव्हे. पाय मारला तरच साहाय्य करणारी आणि पाय थांबताच स्वतः थांबणारी विजेची सायकल निराळी. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला तिने पुन्हा सायकलीवर बसविले, तर ते स्वागतार्हच आहे. अपंगांची विजेवर चालणारी खुर्ची तर पादचाऱ्याच्याच पंक्तीत बसावयास हवी. भेद विजेचा नाही. तो वेगाचा, वजनाचा आणि हातातील मूठ पिळताच विनाश्रम मिळणाऱ्या गतीचा आहे.

सायकलींचे माहेरघर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न उभा राहिला होता. तेथे ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असलेल्या हलक्या स्कूटरींना सायकलमार्गावर मुभा होती. गर्दी वाढली, तक्रारी वाढल्या. आणि एप्रिल 2019 पासून ॲम्स्टरडॅम शहराच्या मोठ्या भागात त्यांना शिरस्त्राण घालून मुख्य रस्त्यावरून जाणे भाग पडले. वेगाची मर्यादा तीच, आपल्याकडील. निर्णय मात्र अनुभवाअंती झाला.

उद्यानांच्या प्रवेशद्वाराशी आणि सायकलमार्गांच्या तोंडाशी हा भेद स्पष्ट शब्दांत लिहिला गेला पाहिजे, आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूसही तेथे असला पाहिजे. परंतु एवढ्याने कर्तव्य संपत नाही. स्कूटरस्वाराला पायवाटेवरून उठवून मालमोटारीच्या चाकापुढे ढकलणे हा न्याय नव्हे. त्याच्यासाठी रस्त्याची कड सुरक्षित, उजेडाची आणि अडथळ्यांवाचून राखावी लागेल. तोपर्यंत तो बंदी मोडून पुन्हा पायवाटेवर येणारच. कोणतीही सामाईक वाट तिच्यावरून सर्वांत सावकाश जाणाऱ्याच्या मापाने मोजावी. तेलीबागेतील त्या आजोबांना मागे वळून न पाहता चालता आले, तर ती वाट खऱ्या अर्थाने सर्वांची झाली, असे म्हणता येईल.