फ्लोराइड पोटात नको, दातांवर हवे

मुलांचे दात किडले की दोष गोड खाण्याला दिला जातो आणि तो योग्यच आहे. दातांवरच्या थरातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्या आम्लात दातांच्या कवचातले कॅल्शियम विरघळते, लाळ ते पुन्हा भरून काढते. दिवसभर काही ना काही चघळणाऱ्या मुलाच्या तोंडात मात्र भर कमी पडते आणि झीज वाढत जाते. फ्लोराइडचे काम नेमके इथे आहे. त्यामुळे कॅल्शियम लवकर परत बसते आणि नवा थर आम्लापुढे अधिक टिकतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येणारी पहिली कायमची दाढ पालकांना दुधाचीच वाटते, म्हणून दुर्लक्षिली जाते. तिला या संरक्षणाची सर्वाधिक गरज असते.

अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ साली नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधली कीड पुढच्या ११ वर्षांत ६० टक्क्यांहून अधिक घटलेली आढळली. मग आपणही तेच करावे का? नाही. चंद्रपूर, यवतमाळच्या अनेक गावांत भूजलातच जास्त फ्लोराइड आहे. तिथे मुलांच्या दातांवर डाग पडतात, हाडेही दुखावतात. त्या गावांची पहिली गरज शुद्ध पाणी आहे. तिथे टूथपेस्टही दंतवैद्याला विचारूनच निवडावी. पण या उदाहरणावरून फ्लोराइड म्हणजे विषच, असे ठरवणे बरोबर नाही. अपाय होतो तो वर्षानुवर्षे जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने. कीड रोखण्याचा गुण मुख्यतः दातांच्या पृष्ठभागावर दिसतो, आणि तिथे ते पोचवायला टूथपेस्ट पुरेशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे.

लहान मुले पेस्ट गिळतात, ही शंका रास्त आहे. त्यावर उपाय मात्रेचा आहे. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी पेस्ट मोठ्यांनी स्वतः लावून द्यावी. घासून झाल्यावर मुलाने थुंकावे, लगेच खळखळून चूळ भरू नये. दिवसातून दोनदा घासावे, त्यातले एकदा झोपण्यापूर्वी. हे सगळे घरावर सोडले, तर ज्या घरी ब्रशच नाही ते मूल मागे राहते. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांत मुलांकडून रोज देखरेखीखाली दात घासून घेतात. त्यावरच्या खर्चाहून उपचारांवरची बचत जास्त ठरली. आपल्याकडे अंगणवाड्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, शाळेत दुपारचा आहारही मिळतो. त्याच वेळापत्रकात दात घासण्याची पाच मिनिटे बसवावीत, अशी मागणी प्रत्येक पालकसभेने करावी.