पुलांकचा सोनाटा, जयपूरच्या हवेत

क्लॅरिनेट म्हटलं की आपल्याला लग्नाची वरात आठवते. जयपूरमध्येही तसंच. याच वाद्यासाठी फ्रान्सिस पुलांक या फ्रेंच संगीतकाराने 1962 साली पियानोसोबतचा एक सोनाटा लिहिला. निवृत्तीनंतर तो शिकायला मला दोन वर्षं लागली.

कागदावर ‘सी’ लिहिलेला असतो, पण फुंकल्यावर निघते पेटीवरची काळी पाच. त्यामुळे माझा कागद आणि पियानोचा कागद वेगवेगळ्या पट्टीत. त्यात इथली हवा. मे महिन्यात लू सुटली की रीड बघता बघता कोरडी पडते आणि सूर चढतो. डिसेंबरच्या सकाळी तोच उतरतो. पियानो कुणासाठीही हलत नाही. चढलेला सूर वाद्याचा सांधा जरा ओढून खाली आणता येतो. उतरलेला असला, तर फुंकून फुंकून वाद्य गरम करायचं.

आपल्याकडे पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो. इथे पियानो साथीला नाही, त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. म्हणून मी आधी पियानोच्या ओळी गाऊन पाठ केल्या. शेजारची तुकडी कुठे आहे हे ठाऊक नसताना पुढे सरकायचं नसतं.

पुलांकने हा सोनाटा आर्थर ओनेगेर या दिवंगत मित्राच्या स्मृतीला वाहिला. पहिल्या भागाचं नाव ‘आलेग्रो त्रिस्तामेन्ते’, म्हणजे जलद, पण दुःखाने. हे कसं जमावं? सोबत्यांच्या घरी मी सांत्वनाला गेलेलो आहे. तिथे माणसं चहाचं विचारतात, गेलेल्याची एखादी खोडी सांगून हसतात आणि मध्येच गप्प होतात. तो भाग मी तसाच वाजवतो. शेवटचा भाग धांगडधिंग्याचा आहे. काहींना तो विजोड वाटतो, मला नाही.

30 जानेवारी 1963 रोजी पुलांकच गेला. 10 एप्रिलला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॅझवाला बेनी गुडमन आणि पियानोवर लेनर्ड बर्नस्टाइन यांनी सोनाटा पहिल्यांदा वाजवला. मित्रासाठी लिहिलेलं त्या रात्री दोघांसाठी वाजलं.

आम्ही तो गेल्या हिवाळ्यात इथल्या एका छोट्या सभागृहात वाजवला. चाळीसेक माणसं होती. मधल्या संथ भागात कुणी खोकलंसुद्धा नाही. संपल्यावर वरातीत क्लॅरिनेट वाजवणारे एक गृहस्थ पुढे आले. ओनेगेर कोण, हे त्यांनी विचारलं नाही. “कर्नलसाहेब, रीड कितव्या नंबरची लावता?” एवढंच विचारलं. मग चौकीदाराने दिवे घालवेपर्यंत आम्ही दोघं रीडवरच बोलत होतो.