दर्याची हमी कोणी देऊ नये

(किनारपट्टीवरील अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर वर्सोवा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्सोव्याच्या कोळीवाड्यात उभे राहून समुद्राविषयी बोलणे हे धाडसच म्हटले पाहिजे. येथील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जात आला आहे आणि १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थाही याच परिसरात आहे. तथापि, डॉल्फिन पाहावयास जाणाऱ्या पर्यटकांचा प्रश्न किनाऱ्यावरील अनेक गावांपुढे उभा असल्याने त्याचा विचार येथे करणे उचित ठरेल.

दापोली तालुक्यातील मुरूड-हर्णै, मालवणजवळचे तारकर्ली अशा ठिकाणी होडीतून डॉल्फिन दाखविण्याचा व्यवसाय चालतो. पर्यटक भाडे देतो, आणि पुष्कळदा काहीही न पाहता परततो. मग होडीवाल्याने फसविले, असे त्यास वाटते. वास्तविक दोष होडीवाल्याचाही नसतो आणि डॉल्फिनचाही नसतो.

डॉल्फिन व देवमासा हे सस्तन प्राणी होत. श्वास घेण्यासाठी ते पृष्ठभागावर येतात, तेवढे क्षणच ते आपल्या दृष्टीस पडतात. मुंबईच्या उथळ, गढूळ पाण्यात पाठीवर उंचवटा असलेला हम्पबॅक डॉल्फिन वावरतो. खाड्यांच्या मुखाशी तो मासळीच्या मागे फिरतो, आणि मासळी भरती-ओहोटीबरोबर जागा बदलते. याच पाण्यातील फिनलेस पॉरपॉइझच्या पाठीवर तर पंखच नसतो; किंचित वारा सुटून पाणी हलू लागले, की तो जवळ असूनही दिसत नाही. म्हणून ‘दिसला नाही’ याचा अर्थ ‘तेथे नव्हता’ असा करता येत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दक्षिण मुंबईच्या किनाऱ्यालगत डॉल्फिन दिसले, तेव्हा ते परत आले असे अनेकांना वाटले. ते या पाण्यात पूर्वीही होतेच. पाहणारे डोळे तेवढे वाढले होते.

देवमाशाची गोष्ट तर याहून अवघड. २०१५ साली कुणकेश्वरजवळच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे आढळले. परंतु जानेवारी २०१६ मध्ये येथून जवळच, जुहूच्या वाळूवर ब्रायडी जातीचा देवमासा लोकांनी पाहिला तो मृतावस्थेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यास लागलेले पिल्लू शर्थीच्या प्रयत्नांनंतरही वाचू शकले नाही.

अशा स्थितीत ‘हमखास डॉल्फिनदर्शन’ अशी पाटी लावली, की ती खरी करण्यासाठी होडीवाल्यास पाठलाग करावा लागतो. चार होड्या एका कळपास घेरतात. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधतो. यंत्राच्या गोंगाटात त्याचे हे साधनच निकामी होते आणि पिल्ले असलेल्या माद्यांना त्याचा सर्वाधिक उपद्रव होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या प्राण्यांना संरक्षण आहे, याचेही विस्मरण होऊ नये.

यास्तव काही सूचना कराव्याशा वाटतात. भाडे समुद्रसफरीचे आहे, दर्शनाचे नव्हे, असे ग्रामपंचायतीने धक्क्यावर स्पष्ट लिहावे. प्राणी दिसताच यंत्राचा वेग कमी करावा, अंतर राखावे, वाट अडवू नये. होडीतील प्रत्येकास जीवरक्षक जाकीट द्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तारीख, वेळ, भरती-ओहोटी व वारा यांची नोंदवही ठेवून घ्यावी आणि काहीच न दिसल्याच्या दिवसाचीही नोंद करावी. कोऱ्या दिवसांवाचून दर्शनाचे प्रमाण कळत नाही. संरक्षित प्राणी जाळ्यात सापडल्यास जाळे कापून त्यास सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली. तिची माहिती अधिकाऱ्यांनी प्रत्येक कोळीवाड्यात पोचवावी.

दर्यावर गेलेल्या मच्छीमारास रोज भरले जाळे मिळत नाही, तरी तो दर्यास दोष देत नाही. पर्यटकासही हा धीर शिकविता आला, तर होडीवाल्याचा धंदा टिकेल आणि डॉल्फिनही टिकेल. हे कार्य आपणच करू शकाल, असा मला विश्वास वाटतो.